शेततळ्यात मासे सोडायचे? आधी हा हिशेब वाचा



गेल्या दोन-तीन महिन्यांत कुरुंदा भागातल्या ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेले, तिथं कर्जवाटप आणि बचतीचं रजिस्टर झालं की एक प्रश्न हमखास निघतो. "मॅडम, आमच्या शेततळ्यात मासे सोडले तर जमंल का?" कुणी मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला असतो, कुणाच्या भाच्यानं सांगितलेलं असतं की एका तळ्यात दोन लाख निघतात. एका गटानं तर अंतर्गत कर्ज काढायचा ठरावसुद्धा लिहून ठेवला होता. म्हणून ठरवलं की या अंकात हाच विषय नीट लिहायचा. मासे जमतात का? जमतात. दोन लाख निघतात का? नाही निघत. किती निघतात, कशानं निघतात आणि कुठं बुडतात, ते सांगते.

आपण समुद्रापासून लांब. मासेमारी म्हटलं की आपल्याला मुंबई, रत्नागिरी आठवते. पण देशात पिकणाऱ्या माशांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मासे समुद्रातले नसतात, ते नद्या, धरणं, तलाव आणि तळ्यांमधले असतात. २०२२-२३ साली भारतात सुमारे १७५ लाख टन मासे निघाले, त्यातले १३१ लाख टन गोड्या पाण्यासारख्या भूजल क्षेत्रातले. नांदेडला बर्फाच्या पेट्यांतून जो रोहू-कटला येतो, त्यातला बराचसा आंध्रातल्या तळ्यांमधला असतो. म्हणजे खाणारे आपल्याकडं आहेत, पैसा मात्र बाहेर जातो. आपल्या जिल्ह्यात पूर्णेवर सिद्धेश्वर आहे, पैनगंगेवर इसापूर आहे, आणि शेततळी तर गावोगाव झालीत. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' आलं, नंतर पोकरा योजनेतूनही झाली. ही तळी हळदीसाठी आणि हरभऱ्यासाठी खोदली. मासा त्यात पाहुणा आहे, हे पहिल्यांदा लक्षात ठेवा.

तळ्यात कोण कुठं राहतं

आपल्याकडच्या पाण्याला चालणारे मुख्य मासे तीन. कटला, रोहू आणि मृगळ. तिघांचं खाणं वेगळं आणि राहण्याची जागाही वेगळी. कटला वरच्या थरात राहतो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या पाण्यात. मृगळ तळाशी, गाळातलं उरलंसुरलं खातो. एका घरात तीन जावा असाव्यात आणि तिघींच्या चुली वेगळ्या, तसं समजा. भांडण नाही. म्हणून एकच जात सोडण्यापेक्षा तिन्ही एकत्र सोडतात. साधारण दहा माशांत चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ असं प्रमाण धरतात. काहीजण त्यात सायप्रिनस आणि गवत्या पण मिसळतात.

सायप्रिनसवरून एक सांगते. बाल्टिक समुद्राकाठी लिथुआनिया नावाचा छोटासा देश आहे. अख्ख्या देशाची लोकसंख्या तीस लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या मराठवाड्यापेक्षा कितीतरी कमी. समुद्र दाराशी असूनही तिथं मासे पाळतात ते मुख्यतः तळ्यांमध्येच, आणि पाळतात हाच सायप्रिनस. नाताळच्या आदल्या रात्री तिथल्या घरांत मटण चालत नाही, मासा चालतो. आपल्या श्रावणाच्या उलटं बघा. पण तिथं हिवाळ्यात तळं वरून गोठतं. थंडीत मासा खात नाही, वाढत नाही, आणि विकण्याजोगा व्हायला त्याला दोन-तीन उन्हाळे लागतात. आपल्याकडं ऊन भरपूर, त्यामुळं तेवढाच मासा आठ-दहा महिन्यांत, फार तर वर्षात तयार होतो. आपली अडचण बर्फाची नाही, मार्च-एप्रिलमध्ये पाणी राहतं का याची आहे.

अजून एक प्रश्न मला नेहमी विचारतात. एकदा मासे सोडले की तळ्यात पिल्लं होतील ना, दरवर्षी कशाला विकत घ्यायचे? रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यात वाहती नदी लागते. पूर्वी म्हणूनच नदीतून पिल्लं धरून आणावी लागायची. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांची पैदास करून दाखवली. त्यानंतर केंद्रांमध्ये बीज तयार व्हायला लागलं. १० जुलै हा दिवस त्याच कारणानं राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. म्हणजे बियाणं दरवर्षी विकतच घ्यायचं आहे, हा खर्च धरूनच चाला.

बियाण्याचे प्रकार असतात आणि फसवणूक इथंच होते. अगदी बारीक ते मत्स्यजिरे. नावच सांगतं, जिऱ्याएवढे. ते स्वस्त मिळतात, हजारांत मिळतात, आणि शेततळ्यात सोडले की बेडूक, पाणकिडे नि बगळे त्यांचा फडशा पाडतात. आपल्याला घ्यायची ती बोटुकली, म्हणजे तीन-चार इंचाची, बोटाएवढी पिल्लं. महाग पडतात, पण जगतात. जिथून घ्याल तिथं मोजून घ्या आणि पावती घ्या. "जास्तीचे शंभर फुकट देतो" म्हणणाऱ्याकडं जरा संशयानंच बघा. कुणी 'थाई मांगूर लवकर वाढतो, तो घ्या' म्हटलं तर सरळ नाही म्हणा. त्या माशावर देशात बंदी आहे, तो सुटला तर ओढ्या-नदीतले आपले मासे खाऊन टाकतो. तिलापियाही परवानगीशिवाय सोडायचा नसतो.

तळं तयार करणं आणि रोजचं काम

समजा तुमचं तळं ३० बाय ३० मीटरचं आहे. त्यात पाचशेच्या आसपास बोटुकली पुरे. विकणारा हजार घ्या म्हणेल. जास्त सोडले म्हणजे जास्त मिळतात असं नसतं, सगळेच बारीक राहतात आणि बारीक माशाला गिऱ्हाईक भाव देत नाही.

पावसानं तळ्यात पाणी आलं की आधी वीस किलोच्या आसपास चुना पाण्यात कालवून शिंपडायचा. आठवड्यानं दीड-दोनशे किलो शेण टाकायचं. शेण मासे खातात म्हणून नाही टाकत. शेणानं पाण्यात बारीक शेवाळ आणि किडे तयार होतात, डोळ्याला नीट दिसत नाहीत असे, आणि तेच माशांचं खरं अन्न. पाणी हिरवट झालं की ते तयार झालं समजा. मातीच्या तळ्यात हे आपोआप बरं होतं. प्लास्टिकच्या तळ्यात खाली माती नसते, त्यामुळं अन्न कमी तयार होतं. म्हणून काही शेतकरी तळाशी मातीचा थर देतात. प्लास्टिकच्या तळ्यात शेण जपून टाका, थोडं थोडं. पुढं आठवड्याला एखादी पाटी बस होते.

पाणी किती हिरवं असावं, हे बघायला यंत्र लागत नाही. हात सरळ पाण्यात घाला. कोपर बुडेपर्यंत आपला पंजा दिसेनासा झाला तर ठीक. मनगटाशीच दिसेनासा झाला तर पाणी फार घट्ट झालं, शेण बंद करा. कोपराच्या वर, दंडापर्यंत हात घातला तरी बोटं स्वच्छ दिसतात, तर अन्न कमी आहे. मला हे काम आवडतं, कारण यात कुणाला विचारायला जावं लागत नाही.

बोटुकली पिशवीतून येते, पिशवीत प्राणवायू भरलेला असतो. आणली की लगेच ओतू नका. पिशवी बंदच तशी तळ्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, आतलं-बाहेरचं पाणी सारख्या तापमानाला येऊ द्या. मग तोंड सोडून तळ्याचं थोडं पाणी आत घ्या आणि पिल्लं आपणहून बाहेर जाऊ द्या. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. दुपारच्या उन्हात सोडलेली पिल्लं दुसऱ्या दिवशी उलटी तरंगताना दिसतात.

खाणं म्हणजे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं निम्मं. पेंड रात्री भिजवायची. सुरुवातीला रोजचं खाणं दोनशे ग्रॅमच्या आत, ओंजळभर. मासे वाढतील तसं वाढवत शेवटी दिवसाला दोन-अडीच किलोपर्यंत जातं. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. बऱ्याच ठिकाणी जुन्या गोणीला भोकं पाडून त्यात खाणं भरतात आणि बांबूला बांधून पाण्यात सोडतात, मासे भोकातून ओढून खातात. दुसऱ्या दिवशी गोणीत खाणं उरलं तर समजायचं की जास्त होतंय. उरलेलं सडतं आणि पाणी बिघडवतं.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते भुकेले नाहीत, त्यांचा श्वास कोंडतोय. रात्री ऊन नसतं, शेवाळसुद्धा पाण्यातला प्राणवायू वापरतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी होतो. ढगाळ दिवसांत तर जास्तच. अशा वेळी खाणं टाकू नका. शेण-खाणं दोन्ही बंद करा आणि मोटार लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून परत तळ्यात पडू द्या, फवाऱ्यासारखं. ऊन वर आलं की बहुतेक वेळा सावरतात.

आता आपल्या भागापुरती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हळद आणि सोयाबीनवर आपण जे कीटकनाशक मारतो, त्यातली सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन यांसारखी औषधं माशाला फार विषारी असतात. थोडंसं पाण्यात गेलं तरी अख्खं तळं मरू शकतं. फवारणीचा पंप तळ्यावर धुवायचा नाही. रिकामी बाटली काठावर टाकायची नाही. वारा तळ्याकडं असताना बांधावरचं फवारायचं नाही. घरातले पुरुष बहुतेक वेळा फवारणी करतात, त्यांना हे आधी सांगा. गडी लावला असेल तर त्यालाही सांगा. पाचशे मासे एका पंपाच्या धुण्यात जातात.

हळद की मासा?

जून ते डिसेंबर सगळं छान असतं. जानेवारीपासून खरा पेच सुरू होतो. हळद काढणीला येते, रब्बीला पाणी लागतं, मोटार तळ्यावर बसते. माशाला निदान चार-पाच फूट पाणी हवं. पाणी त्याच्या खाली गेलं की ते तापतं, प्राणवायू कमी होतो, आणि बगळ्यांची चंगळ होते.

म्हणून मासे सोडायच्या आधीच तळ्यात एक बांबू उभा करा आणि त्यावर पाच फुटांवर लाल रंगाची खूण करा. मोटार खुणेच्या खाली पाणी ओढणार नाही, हे तळ्याच्या मालकाशी ठरवा. मालक बऱ्याचदा गटातल्याच एखाद्या ताईचे मिस्टर किंवा सासरे असतात. म्हणूनच तोंडी ठरवू नका. घरचाच माणूस आहे, कागद कशाला, असं आपण म्हणतो. पण हळद वाळायला लागली की घरच्या माणसालाही मासा दिसत नाही, आणि त्याचंही चुकतं असं मला वाटत नाही. कागदावर लिहा. तळं किती महिन्यांसाठी गटाला दिलं, खूण किती फुटांवर, मालकाचा वाटा किती, जाळ्यानं प्लास्टिक फाटलं तर खर्च कुणाचा, पाणी अचानक कमी पडलं तर मासे लवकर काढायचा निर्णय कोण घेणार. स्टॅम्प पेपरवर, गटाच्या अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. मालकाला एक चांगली गोष्टही सांगा: माशांच्या तळ्यातलं पाणी शेणाचं, खताचं असतं, ते पिकाला दिलं तर फायदाच आहे.

इथंच अजून एक मुद्दा निघतो. अनुदानाच्या अर्जाला जमिनीचा सातबारा किंवा नोंदणीकृत भाडेकरार मागतात. सातबारा काढला की कळतं, बाईचं नाव त्यावर नाही. महिलांसाठी जास्तीचं अनुदान आहे, पण महिलेच्या नावावर जमीन नाही, मग अर्ज पुरुषाच्याच नावानं जातो आणि जास्तीचं अनुदानही जातं. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवरा हयात असताना त्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. हे १९९२ पासून आहे. तलाठी कार्यालयात अर्ज द्यायचा असतो. मासे करा की करू नका, हे काम मात्र करून घ्या.

पैशाचं गणित

हे आकडे उदाहरण म्हणून घेतले आहेत. तुमच्याकडं आज जो दर असेल तो घालून गटाच्या बैठकीत फळ्यावर हे गणित परत मांडा.

पाचशे बोटुकली, एक पाच रुपयांना धरली तर २,५०० रुपये. खाणं वर्षाला साडेतीनशे किलो, ३५ रुपये किलोनं १२,२५०. चुना आणि किरकोळ १,०००. जाळंवाल्याची मजुरी, बर्फ, गाडी मिळून ३,०००. एकूण १८,७५०.

पाचशेतले साडेतीनशे जगले, प्रत्येकी ६०० ग्रॅमचे झाले, तर २१० किलो. दहा किलो घरोघरी खायला ठेवले. उरले दोनशे. व्यापाऱ्याला तळ्यावरच १२० रुपयांनी दिले तर २४,०००, हातात ५,२५०. तेच मासे स्वतः १८० रुपयांनी विकले तर ३६,०००, हातात १७,२५०. यातून मालकाचा वाटा जायचाय. दहा जणींचा गट असेल तर पहिल्या हिशेबात एकीच्या वाट्याला पाचशे रुपयेही राहत नाहीत.

आणि पिल्लं निम्मीच जगली तर? १५० किलो, १२० रुपयांनी १८,०००. केलेला खर्चही निघत नाही.

आता बघा, तेच तळं, तेच मासे, पण विकलं कुणी यावर पाच हजार की सतरा हजार हे ठरतं. हे मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगेन, कारण व्हिडिओत हे सांगत नाहीत. मासा पाळण्यात थोडे पैसे आहेत, विकण्यात जास्त आहेत. कोकणातल्या बाजारात बघा, मासळी विकणाऱ्या बहुतेक बायकाच. आपल्याकडं भोई समाजातल्या बायका वर्षानुवर्षं डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव विकतात. नफा त्या टोपलीत आहे.

विकायचं म्हणजे वेळ बघावी लागते. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत चालत नाही. श्रावणात तर कुणी विचारत नाही, पण तेव्हा आपले मासे बोटाएवढेच असतात, त्यामुळं आपलं नुकसान नाही. मासे तयार होतात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. एकदम सगळं तळं उपसू नका. दर रविवारी आणि बुधवारी तीस-चाळीस किलो काढा, आदल्या दिवशी गावात सांगून ठेवा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाका. ताजा, डोळ्यासमोर तळ्यातून काढलेला मासा आणि आठवडाभर बर्फात राहिलेला मासा यातला फरक गिऱ्हाईकाला कळतो. डोळे चकचकीत, कल्ले लालभडक, बोटानं दाबलं तर खड्डा राहत नाही, असा मासा असेल तर भाव मागायला लाजू नका.

गटात माळकरी ताया असतात, त्या माशाला हात लावणार नाहीत. त्यांच्यावर जबरदस्ती नको आणि त्यांना गटातून वेगळंही पाडू नका. इच्छुक पाच-सहा जणींनी गटातून कर्ज घेऊन उपगट करावा, हिशेब वेगळा ठेवावा. व्याज तर सगळ्यांनाच मिळतं.

तलाव ठेक्यानं घ्यावा का?

काही गटांना गावचा पाझर तलाव ठेक्यानं घ्यायची घाई झालीय. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी नको. तलावांचा ठेका साधारण मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो आणि त्या संस्थांमध्ये भोई समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका आहे. आपण एक हंगाम शिकायला म्हणून जायचं आणि त्यांच्या ताटातलं काढायचं, हे बरोबर नाही. उलट जाळं कसं टाकायचं, मासा कसा मोजायचा, हे त्यांच्याकडूनच शिकायचं आहे. त्यांना मजुरी द्या, शिकून घ्या. आपल्या गटांत भोई समाजाच्या ज्या ताया आहेत त्यांनी मात्र एक विचारावं: संस्थेच्या सभासद यादीत आपलं नाव आहे का? विकणार बाई, वाळवणार बाई, आणि सभासद फक्त नवरा, असं बहुतेक ठिकाणी असतं. नाव नसेल तर अर्ज द्या.

गोंदिया-भंडाऱ्याकडं ढिवर समाजातल्या बायकांनी याच्याही पुढचं काम केलंय. तिकडचे जुने मालगुजारी तलाव बेशरमाच्या झुडपांनी भरून गेले होते, देशी मासे कमी झाले होते. बायकांनी गट करून बेशरम उपटली, तळाशी नांगरट केली, पाण्यात उगवणाऱ्या देशी वनस्पती लावल्या. त्या वनस्पतींत मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात. मासे परत यायला लागले. आणि तलावाच्या बैठकीत ज्या बायकांना कुणी विचारत नव्हतं, त्या तिथं बोलायला लागल्या. त्यांना हे काही एका वर्षात जमलेलं नाही.

बायोफ्लॉकच्या टाक्यांबद्दलही विचारतात. टाकीत दाटीवाटीनं मासे असतात आणि चोवीस तास हवा सोडावी लागते. लाईट तीन-चार तास गेली की संपलं. आपल्याकडची लाईट तुम्हाला माहीत आहे. कर्ज काढून टाक्या बसवू नका, एवढंच म्हणेन.

सरकारचं काय मिळतं

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. यात सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. मला यातली सगळ्यात कामाची वाटते ती बर्फपेटीसह दुचाकी. तिचा मंजूर खर्च ७५,००० रुपये, म्हणजे महिलेला ४५,००० पर्यंत अनुदान. वर गणितात बघितलंच, पैसा विकण्यात आहे. पण अनुदान आधी हातात येत नाही. काम किंवा खरेदी झाल्यावर, तपासणी होऊन खात्यावर येतं. तोपर्यंत पैसा गटालाच उभा करावा लागतो, त्यामुळं अनुदानाच्या भरवशावर सावकाराकडं जाऊ नका. ही योजना २०२५-२६ पर्यंतची, म्हणून अर्ज भरण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात सध्या अर्ज घेतात का ते विचारा.

मासे पाळणाऱ्यांना २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डही मिळतं. आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा द्यायचा निर्णय घेतला, त्यामुळं वीजदर आणि कर्ज शेतीच्या दरानं मिळायचा रस्ता मोकळा झाला. बँकेत साहेबांना माहीत नसेल तर शांतपणे सांगा. केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवर नाव नोंदवता येतं, ते नोंदवून ठेवा. मासेमारी आणि मत्स्यपालन करणाऱ्यांसाठी गट अपघात विमाही आहे, अपघाती मृत्यू झाल्यास पाच लाख, हप्ता सरकार भरतं.

विम्यावरून आठवलं, आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं असं काहीजणी म्हणतील. प्लास्टिकच्या तळ्याचा उतार शेवाळानं निसरडा होतो. एकदा पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, हाताला धरायला काही नसतं. लेकरं बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. मासे सोडले की लेकरं तळ्याकडं जास्त जाणार, मासे बघायला. म्हणून बोटुकली आणायच्या आधी चारी बाजूंनी कुंपण, फाटकाला कुलूप, चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले, आणि काठावर हवा भरलेली ट्यूब. खाणं टाकायला एकटीनं जायचं नाही. कुंपण नसेल तर त्या तळ्याचं कर्ज मंजूर करू नका, असं मी प्रत्येक गटाला सांगते. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी घरात शिरलं होतं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. ओढ्याकाठचं तळं असेल तर पाणी बाहेर पडायच्या तोंडाला बारीक जाळी बसवा आणि काठ उंच करून घ्या, नाहीतर सगळे मासे ओढ्याला.

यंदा ज्या गटांना करायचंय त्यांनी जूनमध्ये तळ्याच्या मालकाशी कागद करावा आणि बीज केंद्रात बोटुकलीची मागणी नोंदवावी. पाऊस होऊन तळं भरलं की चुना, मग शेण, आणि पाणी हिरवं दिसलं की ऑगस्टच्या आसपास बोटुकली. पुढच्या बैठकीला येताना घरी एक विचारून या: मागच्या मार्च महिन्यात आपल्या तळ्यात किती फूट पाणी होतं? ज्यांच्या तळ्यात पाच फुटांच्या वर होतं, त्यांच्याच तळ्यांचं यंदा बघू.